चोवीस लाखांची चूक

१९३६ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ३१ तारखेला 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाचा अंक बाहेर पडला. त्यात ठळकपणे दोन आकडे छापलेले होते : लँडन १२,९३,६६९ आणि रूझवेल्ट ९,७२,८९७. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तीन दिवसांवर आली होती. विद्यमान अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट पुन्हा उभे होते आणि त्यांच्या विरुद्ध होते कॅन्सास राज्याचे गव्हर्नर आल्फ्रेड लँडन. साप्ताहिकाने देशभर सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या होत्या. त्यांपैकी जवळजवळ २४ लाख भरून परत आल्या. त्या मोजून साप्ताहिकाने सांगितले, की लँडन निवडून येणार. त्यांना ३७० निर्वाचक मते मिळतील आणि रूझवेल्टना १६१.

साप्ताहिकाचा शब्द हलका नव्हता. १९१६ पासून ते अशा चाचण्या घेत होते आणि प्रत्येक वेळी विजयी उमेदवाराचे नाव त्याने बरोबर सांगितले होते. १९३२ चा त्याचा अंदाज तर प्रत्यक्ष निकालाच्या अगदी जवळ गेला होता.

३ नोव्हेंबरला मतदान झाले. रूझवेल्टना शेकडा ६१ च्या आसपास मते पडली. ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. लँडन यांच्या वाट्याला फक्त मेन आणि व्हरमाँट ही दोन छोटी राज्ये आली. निर्वाचक मते ५२३ विरुद्ध ८! दोन वर्षांच्या आत 'लिटररी डायजेस्ट' बंद पडले.

विद्यार्थी मित्रांनो, चोवीस लाख माणसांना विचारूनही उत्तर चुकते, हे कसे काय? इथे कुणी लबाडी केलेली नव्हती. मतपत्रिका प्रामाणिकपणे मोजल्या गेल्या होत्या. चूक मोजण्याच्या फार आधी झाली होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे एका माणसाने निवडणुकीच्या साडेतीन महिने आधीच ओळखले होते.

तीन हजार पोस्टकार्डे

त्या माणसाचे नाव जॉर्ज गॅलप. आयोवा राज्यात १९०१ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १९३५ मध्ये जनमत अजमावणारी एक संस्था काढली होती. गॅलपने सुमारे ५०,००० लोकांना विचारून रूझवेल्ट निवडून येणार असे सांगितले. पण मला या गोष्टीतील सर्वांत गमतीचा भाग वाटतो तो वेगळाच. जुलै महिन्यात, म्हणजे साप्ताहिकाच्या मतपत्रिका टपालात पडण्यापूर्वीच, गॅलपने जाहीर केले, की 'डायजेस्ट'च्या चाचणीत लँडन यांना शेकडा ५६ आणि रूझवेल्टना ४४ मते मिळतील आणि ती चाचणी साफ चुकेल. साप्ताहिकाचा शेवटचा आकडा होता ५७ आणि ४३ !

यात ज्योतिष नव्हते. 'डायजेस्ट' आपली नावे मुख्यतः दूरध्वनीच्या पुस्तकांतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेते हे सर्वांना ठाऊक होते. गॅलपने तशाच याद्यांतून ३,००० नावे काढली, त्यांना पोस्टकार्डे पाठवली आणि आलेली उत्तरे मोजली. एक कोटी पत्रांचे काम तीन हजार पत्रांत झाले. चुकीचे उत्तरसुद्धा थोडक्या खर्चात काढता येते, असे म्हणायला हरकत नाही.

तो काळ महामंदीचा होता. लाखो अमेरिकन बेकार होते आणि निम्म्याहून अधिक घरांत दूरध्वनी नव्हता. ज्यांच्या घरी दूरध्वनी आणि दारात मोटार, ते लोक सर्वसाधारण मतदारापेक्षा सुखवस्तू होते, आणि सुखवस्तू वर्गात रूझवेल्टचे पाठीराखे तुलनेने कमी होते. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे कारण देऊन गोष्ट संपते. परंतु ती तिथे संपत नाही. दुसरे कारण आपण पुढे पाहू. त्याआधी एक प्रयोग करून घ्या.

चिंचोक्यांचा प्रयोग

पाचशे चिंचोके गोळा करा. त्यांपैकी तीनशेंवर चुन्याचा ठिपका द्या. ठिपकेवाला चिंचोका म्हणजे रूझवेल्टचा मतदार, कोरा म्हणजे लँडनचा. सर्व चिंचोके पिशवीत घालून चांगले हलवा आणि डोळे मिटून २५ काढा. पिशवीत ठिपकेवाल्यांचे प्रमाण शेकडा ६०. म्हणजे २५ मध्ये १५ यायला हवेत. येतील का? कधी १५ येतील, कधी १२, कधी १८. चिंचोके परत टाकून हा प्रयोग वर्गातील प्रत्येकाने करावा आणि आकडे फळ्यावर लिहावेत. मग २५ ऐवजी १०० चिंचोके काढून पाहा. आता बहुतेक आकडे ५० ते ७० च्या दरम्यान, आणि पुष्कळसे ६० च्या अगदी आसपास पडतील. नमुना मोठा झाला, की चढउतार आवरतो.

तो किती आवरतो, याचे गणित संख्याशास्त्राने दिले आहे. ज्या नमुन्यात प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी असते, त्याला यादृच्छिक नमुना म्हणतात. अशा नमुन्यातील संख्येचे वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा; चुकीची साधारण मर्यादा मिळते. १०० माणसे विचारली तर वर्गमूळ १०, मर्यादा एक-दशांश, म्हणजे शेकडा १० इकडेतिकडे. १,००० माणसे विचारली तर शेकडा ३ च्या थोडे वर. ४,००० विचारली तर दीड. शंभर वेळा चाचणी घेतली तर साधारण ९५ वेळा उत्तर या मर्यादेच्या आत राहते. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात, म्हणूनच बहुतेक संस्था हजार-दीड हजारांवर थांबतात.

या सूत्रात एक गोष्ट नाही, ती तुमच्या लक्षात आली का? देशाची लोकसंख्या ! अमेरिकेत २०२० आणि २०२४ च्या निवडणुकांत पंधरा कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. त्यांचा कल पाहायला हजार माणसे लागतात आणि एखाद्या मध्यम शहराचा कल पाहायलाही जवळजवळ तेवढीच लागतात. हे पटायला जड जाते. पण आमटीची चव पाहताना घरातली मंडळी काय करतात? पातेले चार माणसांचे असो वा लग्नाच्या पंगतीचे, पळीभर आमटी पुरते. अट एकच : आमटी तळापासून ढवळलेली हवी.

ढवळलेली नसेल तर काय होते, ते पाहायला दुसरा प्रयोग. एका डब्यात तीनशे चिंचोके आणि मोजून तीनशे मुगाचे दाणे घाला आणि डबा खूप हलवा. मूग फटींतून घरंगळत तळाशी जातील. आता वरून मूठ भरा. हाती बहुतेक चिंचोकेच येतील. दुसरी मूठ, तिसरी मूठ वरूनच घ्या, अनुभव तोच. मुठी वाढवल्या म्हणून चूक कमी होत नाही, उलट चुकीच्या उत्तराबद्दल तुमची खात्री मात्र वाढत जाते. पहिल्या प्रयोगातील चूक दैवाधीन होती; ती कधी वर, कधी खाली. या प्रयोगातील चूक मात्र नेहमी एकाच बाजूला झुकते. तिला अभिनती म्हणतात. 'डायजेस्ट'च्या चोवीस लाख मतपत्रिका म्हणजे वरवरच्या चोवीस लाख मुठी होत्या.

अभिनतीशी दोन हात करणाऱ्या शास्त्रज्ञांत एक नाव आपल्या जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे जगभर संख्याशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले. नमुना-पाहणीवरील त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा प्रश्न मतांचा नव्हता, पिकाचा होता. एखाद्या प्रदेशात धान्य किती पिकले हे ठरवण्यासाठी शेतांत लहान लहान तुकडे आखून तेवढेच पीक कापतात आणि तोलतात. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण साधे आहे. नेमके हद्दीवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौरसात प्रत्येक चौरस मीटरमागे ४ मीटर हद्द येते, तर दहा मीटर बाजूच्या चौरसात फक्त ०.४ मीटर. म्हणून लहान तुकड्यांत ही चूक फुगते, आणि असे हजारो तुकडे कापले तरी ती जात नाही. शेतातले ताट असो की अमेरिकेतला मतदार, कुणाला आत घ्यायचे हे माणसाच्या मर्जीवर सोडले, की अभिनती शिरलीच.

गॅलपची पाळी

हाच धडा १९४८ साली खुद्द गॅलपला मिळाला. त्याची रीत कोट्याची होती. पाहणी करणाऱ्याला सांगायचे, की इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, या वयाचे इतके, या उत्पन्नाचे इतके विचारून ये. कोटा कागदावर अगदी काटेकोर भरे. पण त्या कोट्यात नेमका कोणता माणूस घ्यायचा हे पाहणी करणारा ठरवी, आणि तो साहजिकच सहज भेटणाऱ्या, नीटनेटक्या वस्तीतल्या माणसाकडे जाई. (१९३६ मध्येही गॅलपने रूझवेल्टची मते शेकडा पाच-सहांनी कमीच धरली होती, विजय एवढा मोठा होता, की ती चूक झाकली गेली.)

१९४८ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई उभे होते. गॅलपचा अंदाज : ड्यूई ४९.५, ट्रुमन ४४.५. एल्मो रोपर या दुसऱ्या नामवंत चाचणीकाराने तर सप्टेंबरातच सांगून टाकले, की आता पुढे चाचण्या घेण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात ट्रुमनना शेकडा ४९.५ मते मिळाली आणि ड्यूईंना ४५. 'शिकागो डेली ट्रिब्यून'चे मुद्रक संपावर असल्याने अंक लवकर छापायला घ्यावा लागला, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत 'ड्यूईंकडून ट्रुमन पराभूत' असा मथळा झळकला. सेंट लुईसच्या स्थानकावर तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचे छायाचित्र पुष्कळ पुस्तकांत आहे. मिळाले तर जरूर पाहा.

चौकशी समिती बसली. कोट्याच्या पद्धतीतील दोष तर दिसलाच, शिवाय चाचण्या फार लवकर थांबवल्यामुळे शेवटच्या दिवसांत मन बदललेले मतदार हिशेबात आले नव्हते असेही आढळले. त्यानंतर हळूहळू कोटा गेला आणि यादृच्छिक निवड आली. पुढे घरोघर दूरध्वनी पोचल्यावर यंत्राने वाटेल ते क्रमांक जुळवून फोन करण्याची युक्ती निघाली. पुस्तकात नाव असो वा नसो, क्रमांक लागणारच.

आघाडी, उसळी आणि मथळे

अमेरिकेत निवडणुकीच्या वर्षी रोज कुठल्या ना कुठल्या चाचणीची बातमी असते. 'अ' ४९, 'ब' ४७. आठवड्याने 'अ' ४७, 'ब' ४८. लगेच मथळा येतो : 'ब' ची मुसंडी ! आपल्या सूत्राने पाहा. हजारांच्या नमुन्यात प्रत्येक आकडा शेकडा तीनने इकडेतिकडे होऊ शकतो. एकाचे मत वाढले की बहुधा दुसऱ्याचे घटते, म्हणून दोघांमधील अंतरात चूक जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहापर्यंत जाते. त्या आठवड्यात कदाचित एकाही मतदाराने मत बदलले नसेल. तुमच्या चिंचोक्यांनी तरी कुठे बदलले होते? पण 'काहीही घडले नाही' असा मथळा कोण छापणार !

पक्षाचे अधिवेशन झाले, की उमेदवाराचा आकडा उसळी घेतो. १९८८ च्या जुलैत आपल्या पक्षाच्या अधिवेशनानंतर मायकेल डुकाकिस गॅलपच्या चाचणीत १७ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरात ते जॉर्ज बुश यांच्याकडून सुमारे आठ टक्क्यांनी हरले. अशा उसळीत मते खरोखर बदलतात की आणखी काही होते, यावर २०१२ च्या निवडणुकीत चांगला प्रकाश पडला. काही संशोधकांनी 'एक्सबॉक्स' या खेळाच्या यंत्रावरून रोज प्रश्न विचारले. सुमारे साडेतीन लाख लोकांनी उत्तरे दिली, पण शंभरांत ९३ पुरुष आणि त्यांत तरुणांचाच भरणा. 'डायजेस्ट'पेक्षाही वेडावाकडा नमुना ! संशोधकांनी वय, लिंग, शिक्षण, राज्य, मागच्या वेळचे मत अशा गोष्टींनुसार उत्तरांना योग्य ते वजन दिले आणि अंदाज बरोबर आला. त्यात त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. ऑक्टोबरातील पहिल्या जाहीर वादविवादात ओबामा फिके पडले तेव्हा इतर चाचण्यांत त्यांची मते धडाधड घसरली. पण त्याच त्याच माणसांची उत्तरे तपासली, तर मत बदललेले फारच थोडे निघाले. ओबामांचे समर्थक खट्टू होऊन उत्तरच देईनासे झाले होते, एवढेच !

गप्प बसलेले लोक

आता १९३६ चे राहिलेले दुसरे कारण. एक कोटी पत्रे गेली, ७६ लाख परत आलीच नाहीत. गॅलपच्या संस्थेने १९३७ मध्ये लोकांना विचारले होते, की तुम्हाला 'डायजेस्ट'चे पत्र आले होते का, तुम्ही ते परत पाठवले का, आणि मत कुणाला दिले. ही माहिती पेव्हरिल स्क्वायर या संशोधकाने १९८८ मध्ये पुन्हा तपासली. दूरध्वनी आणि मोटार दोन्ही असलेल्यांतही बहुसंख्य मते रूझवेल्टनाच होती ! पत्र मिळालेल्या सर्वांनी उत्तर दिले असते, तर साप्ताहिकाने निदान विजेत्याचे नाव तरी बरोबर सांगितले असते. पत्र परत पाठवण्याची तसदी लँडनच्या बाजूच्यांनी, म्हणजे बदल हवा असणाऱ्यांनी, जास्त घेतली.

हे दुखणे आज बळावले आहे. अमेरिकेतील 'प्यू' या संशोधन संस्थेला १९९७ मध्ये दूरध्वनीवरून शंभरांत ३६ लोक उत्तर देत. २०१२ मध्ये ९ देऊ लागले, २०१८ मध्ये ६. उरलेले ९४ कोण? ते या सहांसारखेच असतील तर चिंता नाही. नसतील, तर वजन द्यावे लागते. समजा, हजारांत ६०० पदवीधर सापडले, पण त्या राज्यात पदवीधर मतदार ४०० च असायला हवेत. पदवीधरांत 'अ' ला ५५ टक्के आणि इतरांत ४२ टक्के पाठिंबा आहे. नुसते मोजले तर 'अ' ला ४९.८ टक्के मिळतात. योग्य वजन देऊन मोजले तर ४७.२. माणसे तीच, उत्तरे तीच. पण एका आकड्यात चुरस दिसते आणि दुसऱ्यात हार.

२०१६ मध्ये बऱ्याच राज्यांतील चाचण्यांत हेच घडले. देशभरच्या चाचण्या हिलरी क्लिंटन यांना सरासरी तीन टक्क्यांची आघाडी देत होत्या. प्रत्यक्षात त्यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २.१ टक्के अधिक मते पडली. अंदाज काही वाईट नव्हता. पण अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या बेरजेने ठरत नाही. प्रत्येक राज्याला काही निर्वाचक मते असतात, एकूण ५३८. जवळजवळ सर्व राज्यांत जो पहिला त्याला त्या राज्याची सगळी. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये ट्रम्प यांनी मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी जिंकली आणि त्यांच्या ४६ निर्वाचक मतांनी निकाल फिरला. चाचणीकारांच्या व्यावसायिक संघटनेच्या समितीने कारणे शोधली. त्यांत दोन ठळक होती : पुष्कळांनी अखेरच्या आठवड्यात मन ठरवले, आणि अनेक राज्यांतील चाचण्यांनी शिक्षणानुसार वजन दिलेच नव्हते. विस्कॉन्सिनमधील अंतर पाऊण टक्क्याच्या आसपास होते. एवढे अंतर नुसत्या नमुन्याच्या बळावर ओळखायचे, तर एका राज्यात साठ-सत्तर हजार माणसे विचारावी लागली असती, आणि तीही अभिनती शून्य असेल तर. सूत्र वापरून हा हिशेब तुम्हीच करून पाहा.

२०२० मध्ये शिक्षणाचे वजन बहुतेकांनी दिले, तरीही देशभरच्या चाचण्यांनी जो बायडेन यांची आघाडी सुमारे चार टक्क्यांनी फुगवून दाखवली. गेल्या चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी चूक. ट्रम्प यांचे काही समर्थक चाचणीकारांशी बोलायलाच तयार नव्हते, असा संशय आहे. पण जे बोललेच नाहीत त्यांचे मन सिद्ध कसे करणार? २०२४ मध्ये अनेक संस्थांनी नवा उपाय केला. मागच्या निवडणुकीत तुम्ही मत कुणाला दिले होते हे विचारायचे, आणि ते प्रमाण जुन्या खऱ्या निकालाशी जुळेल असे वजन द्यायचे. त्या वर्षी चाचण्यांची सरासरी कमला हॅरिस यांना सुमारे एका टक्क्याने पुढे दाखवत होती. ट्रम्प दीड टक्क्याने जिंकले. चूक पूर्वीपेक्षा लहान होती, पण झुकली त्याच बाजूला.

हा उपाय वाटतो तितका नवा नाही. शॅरन लोर आणि मायकेल ब्रिक या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २०१७ साली 'लिटररी डायजेस्ट'चे जुने अंक पुन्हा उघडले. १९३६ च्या त्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता : १९३२ मध्ये आपण कुणाला मत दिले होते? उत्तर देणाऱ्यांत रूझवेल्टच्या त्या वेळच्या विरोधकाचे मतदार प्रमाणाबाहेर जास्त होते. त्यानुसार वजन देऊन दोघांनी बेरीज केली, तेव्हा त्याच चोवीस लाख मतपत्रिकांतून निकाल आला : रूझवेल्ट विजयी. या बेरजेला लागणारे सगळे आकडे साप्ताहिकाने १९३६ मध्ये स्वतःच्याच पानांवर छापले होते.